जंक्शनला सायकल पुढे घ्यायची

४ फेब्रुवारी

ही वही बायकोने आणली. जाड पुठ्ठ्याची, आत रेघा. हातात देत म्हणाली, "रोज संध्याकाळी मला दिवसभराचं सगळं सांगता ना, ते आता यात लिहायची सवय करा. माझे कान किटले." लग्नाला एवढी वर्षं झाली, कान आत्ताच किटले. बरं, लिहितो. पण लिहिण्यासारखं माझ्या दिवसात असतं काय? सकाळी दवाखान्यांतून मापं आली. दोन वरची, एक खालचं. दिवसभर मागच्या खोलीत मशीनवर बसलो. संध्याकाळी हात धुतले. संपला दिवस.

मी दातांच्या कवळ्या बनवतो. दातांचा डॉक्टर सगळ्यांना माहीत असतो, कवळी करणारा कोणालाच दिसत नाही, आणि मला ते बरं पडतं. माझी गिऱ्हाइकं म्हणजे प्लास्टरचे साचे. ते बोलत नाहीत, घासाघीस करत नाहीत. जिवंत माणसांशी बोलायचं खातं पहिल्यापासून हिच्याकडे आहे. बँक हिच्याकडे, नळ दुरुस्त करणारा हिच्याकडे. डॉक्टरकडे गेलो तर माझ्या पोटाची तक्रारसुद्धा हीच सांगते, मी शेजारी बसून मान हलवतो. अनोळखी माणसाला काही विचारायचं म्हटलं की माझी दातखीळ बसते. धंद्याला शोभेल असाच आजार आहे.

९ फेब्रुवारी

आज चहाबरोबर टेबलावर नकाशा. "यंदा कालवा," ही म्हणाली.

कालव्याचं खूळ जुनं आहे. वरच्या धरणापासून थेट समुद्रापर्यंत एक कालवा जातो. पूर्वी त्यातून मालाच्या बोटी जायच्या, काठावरून घोडे त्या ओढायचे. आता बोटीही नाहीत आणि घोडेही नाहीत, पण घोड्यांची वाट सायकलींसाठी ठेवली आहे. मोटार नाही, ट्रक नाही, नुसतं पाणी आणि वाट. आठवडाभर चालवली की समुद्र येतो म्हणे. मुलगी शाळेत होती तेव्हापासून आम्ही "पुढच्या वर्षी" म्हणतोय. ती शिकली, परगावच्या इस्पितळात नोकरीला लागली, तरी आमचं पुढचं वर्ष काही उजाडलं नाही. दोघांच्या सायकली जिन्याखाली आहेत. रविवारी गावाबाहेर एक फेरी मारतो. मी डावीकडे, ही उजवीकडे, कारण घासायच्या मशीनने माझा डावा कान कामातून गेलाय आणि हिला रस्ताभर बोलायचं असतं.

अडचण सायकल चालवायची नाही, तिथवर पोचायची आहे. घरापासून स्टेशनपर्यंत बस, मग रेल्वे, मध्ये एक जंक्शन, आणि कालव्याचं स्टेशन सगळ्यात शेवटी. आणि हे सगळं सायकल बरोबर घेऊन. मी म्हणालो, "टेम्पो करू या. सायकली मागे टाकू, आपण पुढे बसू."

"टेम्पो नाही. बसने आणि गाडीनेच जायचं. एकट्या माणसाला जमलं पाहिजे, असं."

"इथे एकटा कोण आहे?"

"ती बशी द्या इकडे," म्हणाली, आणि नकाशाची घडी करून टाकली.

१६ फेब्रुवारी

हिने याला तालीम असं नाव दिलंय. आधी नुसती बस, मग स्टेशन, मग गाडी. एकदम काही नाही.

आमच्या बसला पुढे, काचेच्या खाली, सायकली अडकवायचा एक लोखंडी सांगाडा असतो. आजवर तो लांबून पाहिला होता. आज त्याच्याशी दोन हात केले. ड्रायव्हर जागचा हलत नाही, सायकल ज्याची त्याने चढवायची असा नियम आहे. मी सांगाडा ओढतोय, तो येत नाही, आणि काचेपलीकडून अख्खी बस माझ्याकडे बघतेय. शेवटी ड्रायव्हरने बाजूची खिडकी सरकवली. "काका, आधी दांडा दाबा, मग ओढा. नुसतं ओढून काय होणार?" ही थांब्याच्या बाकावर मांडीवर पर्स घेऊन बसलेली. तो हिला म्हणाला, "मावशी, जरा सांगा ना यांना."

"मी यांना ओळखत नाही," ही म्हणाली. बसमधली माणसं हसायला लागली. मला घाम फुटला होता.

हिने स्वतःची सायकल आणलीच नव्हती. "शिकायला एक पुरे," म्हणे. पुढच्या थांब्यावर उतरवली, परतीच्या बसला पुन्हा चढवली. घरी आल्यावर मी फुगून बसलो, तर माझ्या खांद्याला मलम चोळत म्हणाली, "आज ड्रायव्हरशी दोन वाक्यं बोललात. वहीत लिहा."

लिहिली.

२५ फेब्रुवारी

आज स्टेशन. सायकलीचं तिकीट वेगळं काढावं लागतं. ते कुठे, कोणत्या गाडीला चालतं, कोणत्या डब्यात ठेवायची, हे सगळं खिडकीवर विचारायचं होतं. रांगेत माझा नंबर आला तेव्हा मागे वळून पाहिलं, तर ही पार पंख्याखालच्या बाकावर. हातानेच सांगितलं, विचारा. खिडकीतल्या बाईने मला तीनदा "काय?" केलं. सायकल शेवटच्या डब्यात ठेवायची, गार्डला सांगून, एवढं कळलं. आणखी काही विचारायचं होतं का ते माहीत नाही. मागे रांग होती, मी सटकलो.

हिला बाकावरून उठायला वेळ लागला. गुडघे म्हणाली. मी म्हणालो, सायकल चालवणं बंद केलंस की असंच होणार. हिने पर्स उचलली आणि चालायला लागली. एरवी माझं एवढं ऐकून घेणारी ही बाई नव्हे.

२ मार्च

हिच्या वरच्या बाजूला चार दातांची प्लेट आहे. मीच केलेली, आणि अशी बसलेली की हिलासुद्धा विसर पडायचा. हल्ली बोलताना टकटक आवाज येतो. माझ्या चांगल्या कानाला तो फार लागतो. आज हिला मागच्या खोलीतल्या खुर्चीत बसवलं, ताजं माप घेतलं, साचा ओतला आणि प्लेटला आतून नवं अस्तर दिलं. आता टकटक नाही. गेल्या वर्षीचा माल हलका आला असणार. घरच्याच माणसाच्या तोंडात आपलं काम ढिलं व्हावं, यासारखी नामुष्की नाही.

११ मार्च

मुलीचे फोन वाढलेत. पूर्वी रविवारी यायचा, आता दिवसाआड. आणि फोन आला की ही गॅलरीत जाते, दार ओढून घेते. मी काही दूधखुळा नाही. पुढच्या महिन्यात मला साठ पूर्ण होतात, मायलेकींचा काहीतरी घाट चाललाय. परवा-काल तर दोघी दोन दिवस एकत्र राहून आल्या, "खरेदीला". खरेदी काही दिसली नाही. येताना ही अगदी दमलेली होती, डोळेही लाल. प्रवास सोसत नाही आता. मला सगळं कळतं, पण कळलं नाही असं दाखवतोय. त्यांचा आनंद कशाला घालवा.

दरम्यान मला स्वयंपाकघरात जुंपलंय. भाजी चिरायला येते, फोडणी जळते. "कालव्यावर एखादे दिवशी तुम्हालाच करावं लागलं तर?" असं हिचं म्हणणं. मी म्हणालो, कालव्यावर खानावळी असतील. म्हणाली, "घरात नाहीत ना." याचा कालव्याशी काय संबंध, ते देव जाणे. ही स्वतः मात्र दोन घास खाते आणि ताट सारते. माझ्या हातचं म्हणून असेल. मी नाही आग्रह केला.

२२ मार्च

प्लेट पुन्हा ढिली. आता माझंच डोकं फिरलं. तिसऱ्यांदा साचा ओतला. हाड झिजतं हे खरं, पण वर्षावर्षांनी झिजतं. महिन्याभरात असं होत नाही, म्हणजे मालच खराब. माल पुरवणाऱ्याला कडक शब्दांत पत्र लिहिलं. आजवर फोन हीच करायची, पण म्हणाली, तुमचं भांडण तुम्ही भांडा.

"माझं तोंडच बदललं असेल," ही हळूच म्हणाली.

"तोंडं बदलत नाहीत," मी म्हणालो. "तिसेक वर्षं हेच करतोय मी."

३ एप्रिल

आज रंगीत तालीम होती. ही म्हणाली, "तुम्ही पुढे जाऊन रस्ता बघून या, मग आपण जाऊ. मला आज घरी काम आहे." काम काय ते सांगितलं नाही. दरवाज्यापर्यंतसुद्धा आली नाही, पलंगावरूनच हात हलवला. मी एकटा निघालो. एकट्याने एवढा लांबचा प्रवास लग्नानंतर पहिलाच.

बस झकास. दांडा दाबला, ओढला, सायकल बसली. गाडीत शेवटच्या डब्यात सायकल लावली, पट्टा आवळला. गार्ड तिथेच उभा होता, गप्पिष्ट दिसला. "कुठवर?" म्हणाला. मी "पुढे" असं मोघम सांगितलं आणि तो आणखी काही विचारायच्या आत फलाटावरून चालत चालत सगळ्यात पुढच्या डब्यात जाऊन खिडकी पकडली. शांतपणे बसावं, बाहेर बघावं. चूक झाली ती इथे.

जंक्शनला गाडी बराच वेळ थांबली, मागे काहीतरी खडखडलं, पुन्हा सुटली. मला वाटलं इंजिन बदललं असेल. कालव्याच्या स्टेशनवर उतरून मागे चालत गेलो तर गाडी अर्धीच. शेवटचा डबाच नाही. तिथल्या स्टेशनमास्तरने कपाळाला हात लावला. "अहो, जंक्शनला गाडी तुटते. पुढचे डबे इकडे येतात, मागचे खाणींकडे जातात. सायकल जंक्शनला उतरवून पुढे घ्यायची असते. गार्डने सांगितलं नाही का?" गार्ड सांगणारच होता. मीच पळालो होतो.

म्हणजे माझी सायकल खाणी बघायला गेली, आणि मी डोक्याला हेल्मेट लावून कालव्यावर हजर. स्टेशनपासून वाट जवळच आहे. कालव्याचं पाणी अडवणाऱ्या पहिल्या दरवाज्याच्या अलीकडे उभा राहून हिला फोन लावला आणि सगळं सांगितलं. ही हसली. इतकी हसली की खोकला लागला, मग फोन खाली ठेवल्याचा आवाज, मग बराच वेळ काही नाही. मी "हॅलो, हॅलो" करतोय. परत आली तेव्हा आवाज अगदी बारीक. म्हणाली, "पोचलात तर खरं. आता तिथे काय दिसतंय ते सांगा."

"काय दिसणार? पाणी आहे, वाट आहे."

"दरवाजे कोणत्या रंगाचे आहेत?"

"हिरवे असतील. लांब आहेत."

"पाणी वाहतंय की थांबलंय?"

"मला काय माहीत? पाण्यासारखं पाणी आहे."

"बसायला काही आहे का हो? आणि वाट किती रुंद आहे? दोन सायकली शेजारी शेजारी जातील?"

"जातील की. मी काय मोजायला आलोय? आपण येऊच आहोत ना, तेव्हा बघ तुझी तू." परतीची गाडी लागत होती. सायकलीच्या काळजीने माझं लक्ष कशात नव्हतं. मी फोन ठेवला.

५ एप्रिल

सायकल आली. खाणींकडच्या स्टेशनवर कोणीतरी ती नीट ठेवून घेतली होती. त्यांच्याशी, जंक्शनशी आणि आमच्या स्टेशनाशी फोनवर मीच बोललो. ही समोर बसून ऐकत होती, एकदाही फोन घेतला नाही. मी फोन ठेवल्यावर म्हणाली, "बघा, जमलं." असं म्हणताना डोळ्यांत पाणी. सायकलीसाठी एवढं रडू येणारी बायको मी पहिल्यांदा पाहिली.

१९ एप्रिल

माझा वाढदिवस येऊन गेला. कसलाच घाट नव्हता.

आज एका डॉक्टरला जुना साचा परत हवा होता, म्हणून फळी आवरायला घेतली. सगळे साचे खाली काढले. त्यात हिचे तीन होते. पहिला प्लेट केली तेव्हाचा, दुसरा मार्चच्या सुरुवातीचा, तिसरा त्यानंतरचा. सहज एका रांगेत ठेवले. मग दिव्याखाली घेतले. मग मापकाने मोजले, आणि मोजायची गरज नव्हती.

पहिल्या साच्यात हिरड्या भरलेल्या आहेत. दुसऱ्यात उतरल्या आहेत. तिसऱ्यात टाळू वर गेलेला आहे आणि दोन्ही बाजूंना खळ्या. माल खराब नव्हता. कोणा अनोळखी बाईचे हे तीन साचे माझ्याकडे आले असते, तर मी त्याच दिवशी डॉक्टरला फोन करायला सांगितलं असतं की पेशंटला काय झालंय ते बघा, हे माणूस आतून संपत चाललंय. सांगितलं असतं हिलाच. फोन हीच करायची.

मी माप घेतलं तेव्हा तो चेहरा माझ्या दोन हातांत होता. मी फक्त दात बघत होतो.

२० एप्रिल

काल लिहिता लिहिता थांबलो. आज लिहितो.

तिन्ही साचे घेऊन स्वयंपाकघरात गेलो आणि टेबलावर हिच्यासमोर ठेवले. हिने सुरी खाली ठेवली. साच्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "शेवटी प्लास्टरनेच सांगितलं का तुम्हाला," म्हणाली.

मग सगळं सांगितलं. पोटात गाठ आहे. जानेवारीत कळलं. मुलगी हिला घेऊन दोन ठिकाणी जाऊन आली, ती "खरेदी" हीच. उपचार घेतले तर थोडे दिवस वाढतील, पण ते इस्पितळाच्या पलंगावर. हिने नको म्हणून सांगितलं. हे सगळं मला सोडून झालं.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही मागच्या खोलीचं दार लावून बसला असतात. मग होते तेवढे महिने मी त्या दारावर टकटक करत बसायचं का? त्यापेक्षा बसवर सायकल चढवायला शिकवलेली बरी."

मी म्हणालो, मला तुझ्याशिवाय कुठेही जायचं नाही. कालवा गेला खड्ड्यात.

"तेच मोडायचंय मला," ही म्हणाली. "अहो, मी नसले तर तुम्ही दूधवाल्याशीसुद्धा बोलणार नाही. आठ दिवसांत वाळून जाल. सायकलवर बसलं की माणूस चार ठिकाणी थांबतो, चार जणांना रस्ता विचारतो. दुसरं काही मला सुचलं नाही."

मी हिच्यावर ओरडलो. मग रडलो. दोन्ही लिहून ठेवतो. हिने माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि तो हात इतका हलका होता की मला आणखीच रडू आलं.

६ मे

मुलगी रजा घेऊन आली आहे. घरात आता ती आणि मी दोघं मिळून सगळं करतो. मी केलेली भाजी मुलगी खाते आणि माझ्याकडे बघत नाही.

आज सकाळी हिला जरा बरं वाटत होतं. म्हणाली, "मला ते जंक्शन दाखवा. तुमची फजिती झाली ते." मुलगी नाही म्हणाली, मी नाही म्हणालो. आमच्या दोघांचं आजवर हिच्यापुढे काय चाललंय, म्हणजे आज चालेल? टॅक्सी करू म्हटलं तर तीही नको. बसनेच गेलो. ठरलं असं की त्या दोघींनी जंक्शनला बसायचं, मी सायकल घेऊन पुढे कालव्यावर जायचं, थोडी चालवायची आणि दुपारच्या गाडीने परत यायचं. हिला मला जाताना बघायचं होतं.

मी सगळं बरोबर केलं. गार्ड तोच होता. यावेळी मी आपणहून सांगितलं, कालव्याला जायचंय, जंक्शनला सायकल पुढे घेणार. तो म्हणाला, "अरे, खाणीवाले काका ना तुम्ही?" आणि हिला मागची सगळी हकिगत पुन्हा रंगवून सांगितली. जंक्शन आलं. मी सायकल उतरवली, फलाटावरून पुढे पळवली, पुढच्या डब्यात चढवली, पट्टा आवळला. दारात उभा राहिलो. त्या दोघी समोरच्या बाकावर बसल्या होत्या. हिने मला पाहिलं आणि मान हलवली, शाळेत मुलाला पहिल्या दिवशी सोडताना हलवतात तशी. शाल खांद्यावरून घसरली होती आणि हिला ती वर ओढता येत नव्हती.

मी पट्टा सोडला आणि सायकल घेऊन खाली उतरलो. गाडी गेली.

"अहो, गाडी गेली," ही म्हणाली.

"जाऊ दे."

"एवढं शिकवलं ते यासाठी?"

"तू चढवायला शिकवलंस. उतरवायचं माझं मी शिकलो."

चिडली. खरोखर चिडली, ओठ आवळून बसली. मग माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. मी डावीकडे बसलो होतो, ही उजवीकडे. मुलीने चहा आणला. हिने कप नुसता हातात धरून ठेवला. मग म्हणाली, "पुढच्या खेपेला जाल तेव्हा नीट बघून सांगा. मागे विचारलं तर तुम्ही काहीच सांगितलं नाहीत."

सांगेन म्हणालो. गाड्या येत होत्या, जात होत्या. आम्ही परतीच्या गाडीपर्यंत तिथेच बसून होतो.

२१ जून

परवा सकाळी ती गेली. एक हात मुलीच्या हातात होता, एक माझ्या.

१४ जुलै

मुलगी नोकरीवर परत गेली. ती होती तोवर आल्यागेल्यांशी तीच बोलत होती. जाताना दारात म्हणाली, "बाबा, फोन मी करणार नाही, तू करायचास. आईने मला बजावलंय." मायलेकी एकाच मापाच्या.

मागच्या खोलीत काम आहे, करतो. संध्याकाळी हात धुऊन बाहेर येतो आणि तोंड उघडतो, दिवसभराचं सांगायला. मग ही वही घेऊन बसतो. कान किटले होते म्हणे. माझं बोलणं कुठेतरी जात राहावं म्हणून तिने फेब्रुवारीतच सोय करून ठेवली होती, आणि मी रेघा मोजत बसलो.

तीन आठवडे लिहायचंही सुचलं नव्हतं.

२ ऑगस्ट

जिन्याखालून तिची सायकल काढली, पुसली, हवा भरली, पुन्हा ठेवली. माझ्या सायकलीला हात लावला नाही.

दूधवाल्याशी बोललो. म्हैस आजारी आहे त्याची. बरंच बोलला. मी मध्ये मध्ये विचारलं.

९ सप्टेंबर

आज गेलो.

थांब्यावर बस आली तर तोच ड्रायव्हर. मी दांडा दाबला, ओढला, सायकल ठेवली. त्याने खिडकी सरकवली. "काका, तयार झालात की. मावशी कुठायत? तुम्हाला ओळखत नाहीत त्या?"

"गेली," मी म्हणालो. "जूनमध्ये."

अनोळखी माणसाला हे मी पहिल्यांदाच सांगितलं. इतके दिवस मुलगी सांगत होती, नाहीतर आधीच माहीत असलेले येत होते. ड्रायव्हर जागेवरून उठला, खाली उतरला, आणि माझी सायकल नीट बसलेली असताना ती पुन्हा एकदा दोन्ही हातांनी दाबून बघितली. मग वर जाऊन बस सुरू केली. 

गाडीत मी गार्डजवळच बसलो. तो खाणींबद्दल बोलला, मी कवळ्यांबद्दल. त्याच्या आईची कवळी टोचते म्हणाला, मी म्हटलं घेऊन या, बघतो. जंक्शनला तो बाक दिसला. त्यावर एक बाई पोराला काहीतरी भरवत बसली होती. मी सायकल उतरवली, पुढे नेली, चढवली, पट्टा आवळला. यावेळी उतरलो नाही. गाडी सुटली तेव्हा तोंड त्या बाकाकडे होतं. मग काही दिसेना म्हणून बसलो.

आता तुला सांगतो. मागे विचारलंस ते सगळं, नीट बघून.

दरवाजे हिरवे नाहीत. काळे आहेत, डांबर लावल्यासारखे, आणि त्यांच्या लांबलचक दांड्यांची टोकं पांढरी रंगवली आहेत. मी लांबून बघून ठोकून दिलं होतं. पाणी थांबलेलं वाटतं, पण एक पान टाकून बघितलं तर ते हळूहळू समुद्राकडे निघालं. पुष्कळ वेळ मी त्याच्याकडे बघत होतो. बसायला आहे. जुन्या दरवाज्याची एक जाड फळी दोन दगडांवर टाकली आहे, दोघांपुरती. मी बसलो थोडा. शेजारून एक मुलगी सायकलवरून जात होती, तिला मीच विचारलं, पुढे पाणी प्यायला कुठे मिळेल. तिने सांगितलं. मी आणखी एक प्रश्न विचारला, उगीचच. तिने त्याचंही उत्तर दिलं.

आणि वाटेचं. मी सायकल आडवी लावून मोजली. दोन सायकली शेजारी शेजारी आरामात जातात, मध्ये बोलायलाही जागा राहते. दुसऱ्या दरवाज्यापर्यंत गेलो आणि आलो. पुढचं पुढच्या खेपेला. सगळी वाट रिकामी होती.

मी डावीकडूनच चालवली.